पहिल्या हाकेची ओ

१

एक विचारू का? दुकानदार सांगतो ते खरं धरायचं, गिऱ्हाईक सांगतं ते, की समोरचं यंत्र दाखवतं ते? घाईनं उत्तर देऊ नका. माझं स्वतःचं उत्तर या धंद्यात बऱ्याचदा बदललंय.

माझे वडील विंचूरच्या कांदा मार्केटात अडत करायचे. ते म्हणायचे, "गोरख, शेतकऱ्याच्या तोंडावर जाऊ नको, आणि गोणीच्या तोंडावर तर अजिबात जाऊ नको. हात खाली घाल." माझी शाळा दहावीच्या पुढे गेली नाही. रेडिओ उघडून शिकलो, मग टीव्ही, मग केबलचे बूस्टर आणि शेवटी कॉम्प्युटर. माहितीची पुस्तकं इंग्रजीत असायची, म्हणून मी आधी स्क्रू काढायचो आणि अडलंच तर पुस्तकातली चित्रं बघायचो. तेवढ्यावर नाशकात एम. जी. रोडला दुकान टाकलं आणि चालवलं.

दोन हजार सात साली नव्या लॅपटॉपमध्ये नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवूनच यायला लागली. दिसायला देखणी, खिडक्या अगदी काचेसारख्या. घरोघरचे इंटरनेटचे डबे, म्हणजे राउटर, मात्र जुनेच होते. दोघांचं काही पटेना. दिवसाआड कुणीतरी माझ्या काउंटरवर लॅपटॉप आपटायचं. "शेठ, जुन्या कॉम्प्युटरवर नेट चालतं, नव्यावर चालत नाही. डबा तोच, वायर तीच. गंडवलं का आम्हाला?"

मी चहा मागवायचो आणि लग्नाच्या पंगतीचा दाखला द्यायचो. घरात नवं यंत्र आलं की ते आधी डब्याला विचारतं, मी कुठे बसू? डबा त्याला एक जागा नेमून देतो. जागा मिळाली की मग वाढायला सुरुवात. जुनी सिस्टीम म्हणायची, माझी जागा मला कानात सांगा. नवी म्हणायची, सगळ्या घराला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगा. जुन्या डब्याला मोठ्यानं बोलायला कुणी शिकवलेलंच नव्हतं. मग पाहुणा मांडवाच्या दारात ताटकळत उभा, आणि यजमान आपला गप्प.

याला उपाय दोन. लॅपटॉपच्या पोटात शिरून एक आकडा बदलायचा, म्हणजे तो कानात सांगितलेलं ऐकायला तयार होतो. नाहीतर डब्यात नवा प्रोग्राम भरायचा, म्हणजे डबा ओरडायला शिकतो. मी नेहमी पहिला उपाय करायचो. त्यात डबा बिघडायची भीती नसते. दुसरा उपाय मी एकाच घरात केला.

२

म्हसरूळला दिंडोरी रोडच्या आतल्या बाजूला रो-हाउसची एक रांग आहे. तिथलं शेवटचं घर हिरामण भोये सरांचं. सर मूळचे सुरगाण्याकडच्या पाड्यावरचे, शाळेत शिक्षक. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. एक मुलीची, स्नेहलची. दुसरी गावाकडून कुणी आलं तर असावी म्हणून मोकळी ठेवलेली. कुणी आलेलं नसलं की तिथे घरचा तांदूळ आणि नागली, म्हणजे नाचणी, पसरलेली असायची.

स्नेहलला घरबसल्या टायपिंगचं काम मिळालं होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटची माहिती बोलून ठेवायचे, हिनं कानाला हेडफोन लावून ते ऐकायचं आणि टाइप करून पाठवायचं. लॅपटॉप कंपनीनंच दिलेला, नव्या सिस्टीमचा. महिनाभर परीक्षा. काम वेळेत गेलं तर कायम, नाहीतर लॅपटॉप परत. आणि लॅपटॉप परत गेला तर दिंडोरीचं एक स्थळ सरांनी हेरून ठेवलं होतं, त्याला तिनं मुकाट्यानं हो म्हणायचं, असा बापलेकीत करार झालेला. पोरीला ते स्थळ नको होतं. हे तिनं मला दुकानातच सांगितलं, निम्मं हसत, निम्मं रडकुंडीला येऊन. नेट चालू झाल्याशिवाय तिची सुटका नव्हती.

मी दुपारी गेलो, तेव्हा सरांच्या आई, भागीबाई, ओट्यावर नागली पाखडत बसल्या होत्या.

"आजी, सर आहेत का घरी?"

सूप चालूच.

"आजी!"

ढिम्म. मला वाटलं, कानानं गेल्यात. मी जवळ जाऊन ओरडलो, "अहो आजी!"

"ओ. काय रं बाबा, वरडतो कशाला? बहिरी नाय मी."

"मग मघाशी दोनदा हाक मारली ती?"

"ती आयकली ना."

आतून सर हसत बाहेर आले. "गोरखशेठ, मनाला लावून घेऊ नका. आमच्या घरात पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची पद्धत नाही. पाड्यावरची सवय. माणूस असला तर तो तिसऱ्यांदा हाक मारतो. रानातून दुसरं कुणी हाक मारत असेल तर ते काही तिसऱ्यांदा मारत नाही, असं म्हणतात."

"दुसरं कुणी म्हणजे?"

"ते विचारायचं नसतं. म्हणजे सांगणाऱ्याला ठाऊक नसतं." सर मास्तरासारखे हसले. "रिकाम्या घरात शिरताना 'कोण आहे?' असं बिननावाचंही विचारायचं नाही. नाव घेऊन हाक मारायची. बिननावाच्या हाकेला ओ आली, तर जो कुणी असेल त्याला पाट द्यावा लागतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, शेठ. पण घरी आलो की मीसुद्धा तिसऱ्या हाकेलाच ओ देतो. सवय हो, दुसरं काय!"

सरांच्या पत्नी, मोहिनीवहिनी, पाणी घेऊन आल्या. "मी ओझरची. लग्नानंतर वर्षभर वाटायचं, हे सगळं घर माझ्याशी मुद्दाम बोलत नाही. आता मीच माहेरी गेले की आई मला बहिरी म्हणते."

"आणि माझं सांग ना," जिन्यावरून स्नेहल म्हणाली. "पहिलीत मॅडम हजेरीला एकदाच नाव घ्यायच्या. पहिला महिनाभर मी समोर बसलेली आणि वहीत गैरहजर!"

सगळे हसलो. मीही हसलो.

३

लॅपटॉप कंपनीनं कुलूपबंद केलेला होता. आत शिरून काही बदलायची सोय नव्हती. म्हणजे डब्यालाच ओरडायला शिकवणं आलं. डबा खाली हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला होता. मी माझा लॅपटॉप वायरनं त्याला जोडला आणि नवा प्रोग्राम भरायला लावला.

भागीबाई येऊन शेजारी बसल्या. "ह्यो डबा बोलतो व्हय?"

"बोलतो, आजी. आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. आजपासून मोठ्यानं बोलेल."

"कोनाचं नाव घेऊन?"

"नाव नाही घेत. ही जागा मोकळी आहे, ज्यानं विचारलं त्यानं घ्यावी, असं सगळ्या घराला सांगतो."

"मंग ज्यानं इचारलं तोच बसंल कशावरनं?"

"आजी, तुम्ही आमच्या धंद्यात यायला पाहिजे होतं," मी म्हणालो. सरांनी टाळी दिली. आजी हसल्या नाहीत. उठून पुन्हा ओट्यावर गेल्या.

डब्याचे दिवे एकदम विझले. असं काम करताना एवढ्याच एका क्षणाला मी देवाचं नाव घेतो, कारण मध्येच लाइट गेली तर डबा मेला. घर शांत होतं. मग एक दिवा लागला, दुसरा लागला, आणि दोन्ही लुकलुकायला लागले.

मी जिन्याच्या पायथ्याशी जाऊन विचारलं, "स्नेहल, लागलं का गं?"

"ओ!" वरून लगेच आवाज आला. खणखणीत.

मी वर गेलो. पोरगी दाराकडे पाठ करून बसली होती, कानाला हेडफोन, बोटं भराभर चाललेली. मी टेबलावर टिचकी मारली तशी दचकली.

"काका! घाबरवलंत ना."

"आत्ता ओ दिलीस ना?"

"मी? नाही बाई. नेट कधीचं लागलंय. ही बघा, पहिली फाइल आलीसुद्धा."

तोंडावर नुसता आनंद. मी म्हटलं, शेजारच्या घरातली कुणीतरी पोरगी असेल, भिंत एकच आहे. खाली आलो, चहा घेतला, बिल केलं. गाडीला किक मारताना लक्षात आलं की शेजाऱ्यांची भिंत स्नेहलच्या खोलीला लागून आहे. ओ आली ती दुसऱ्या बाजूनं. त्या बाजूला घरच नाही. मोकळा प्लॉट, आणि त्यात बाभळी.

पण नेट लागलं होतं. लागलेल्या नेटवर कोण शंका घेतं!

४

त्या वर्षी भारनियमनानं नाशिकचा जीव काढला होता. म्हसरूळला लाइट दुपारी जायची. स्नेहलचा फोन आला तो अशाच एका दुपारी.

"काका, स्क्रीनवर सारखा एक मेसेज येतोय. तुमची जागा दुसरा कॉम्प्युटर वापरतोय, असं काहीतरी. आणि मग नेट तुटतं. आमच्याकडे दुसरा कॉम्प्युटरच नाहीये."

मला वाटलं, शेजारी कुणीतरी फुकट्या असणार. बिनतारी नेट, पासवर्ड सोपा. असे चोर मी बरेच पकडलेत. एकदा तर द्वारका भागात खुद्द सोसायटीचा चेअरमनच निघाला होता. गेलो. पासवर्ड बदलला, लांबलचक केला, पोरीला पाठ करायला लावला. पुन्हा तोच मेसेज. शेजारी जाऊन आलो. त्यांच्याकडे कॉम्प्युटर तर नव्हताच, मुलगीही नव्हती. दोघं म्हातारा-म्हातारी, दुपारची झोपलेली.

परत वर आलो, तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबत थांबत थांबला. घरात इन्व्हर्टर नव्हता. खाली जाऊन पाहिलं, डबा बंद, एकही दिवा नाही. लॅपटॉप बॅटरीवर होता. मी सहज स्क्रीनकडे पाहिलं.

नव्या सिस्टीमला एक सवय होती. कोपऱ्यात कॉम्प्युटरचे दोन छोटे पडदे दाखवायची आणि त्याखाली लिहायची, तुम्ही कुठवर जोडलेले आहात. बाहेरच्या जगापर्यंत, की फक्त इथल्या इथे. डबा बंद म्हणजे कुठेच नाही, तांबडी फुली यायला हवी. फुली नव्हती. लिहिलं होतं, जोडलेले आहात. फक्त इथल्या इथे.

"जुनं चित्र अडकलं असेल," मी म्हणालो. लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा तेच. खाली जाऊन डब्याची वायरच उपटली. वर आलो. तेच.

इथल्या इथे जोडलाय, पण कुणाशी?

स्नेहल माझ्याकडे बघत होती. मी गिऱ्हाइकासमोर चेहरा पडू देत नाही. म्हटलं, "नवी सिस्टीम आहे, बाळा. अजून कच्ची आहे. थापा मारते."

"काका, एका जागेवर दोघं बसले तर काय होतं?"

"यंत्र एकाला उठवतं."

"कुणाला? नंतर आलेल्याला?"

"बहुतेक वेळा," मी म्हणालो, आणि लगेच वाटलं, हा शब्द वापरायला नको होता.

तिनं हेडफोन गळ्यात काढून ठेवला. "एक सांगू? बाबांना सांगू नका, ते म्हणतील काम झेपत नाही, सोड. मी टाइप करते ना, तेव्हा पलीकडच्या खोलीतून टाइप केल्याचा आवाज येतो. मी थांबले की थांबतो. आधी वाटलं, माझाच आवाज भिंतीवरून परत येतोय. सुरुवातीला माझ्या मागोमाग यायचा. नंतर बरोबरीनं यायला लागला."

"आणि आता?"

"आता माझ्या आधी येतो, काका. मी शब्द ऐकायच्या आधीच तिकडे टाइप झालेला असतो."

५

मी पलीकडच्या खोलीचं दार उघडलं. दुपारचे दोन वाजले असतील. उन्हानं उजळलेली साधी खोली. भिंतीला तांदळाच्या गोण्या, कोपऱ्यात घडीची खाट, खिडकीबाहेर बाभळी. जमिनीवर जुनं लुगडं अंथरून त्यावर नागली पसरलेली होती. तांबडी, बारीक, हातानं सारखी केलेली.

लुगड्याच्या मधोमध नागली नव्हती. पाटाएवढी जागा मोकळी होती. कुणी हातानं बाजूला केली असती तर कडेला ढीग साचला असता. तसा ढीग नव्हता. जणू नागली पसरताना तिथे कुणी बसलेलंच होतं, आणि त्याच्या भोवतीनं पसरली होती.

मागे भागीबाई येऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता या काहीतरी सांगतील. त्यांनी फक्त पदर तोंडाला लावला.

"आजी, नागली तुम्ही पसरली?"

"मीच. अख्ख्या लुगड्यावर पसरली व्हती."

मग त्या स्नेहलच्या खोलीत गेल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चाल माझ्यासंगं गावाला. आत्ताच्या आत्ता चाल."

"आजी, महिना संपत आलाय गं! थोडे दिवस फक्त."

सर शाळेतून आले, तेव्हा मी त्यांना सगळं नाही, पण पुरेसं सांगितलं. म्हटलं, डबा मी घेऊन जातो, पैसे परत. या घरात हा डबा नको. सरांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं, जसं वर्गातल्या मठ्ठ पोराचं ऐकतात तसं.

"शेठ, तुम्ही शिकलेले नाही म्हणून म्हणत नाही, पण तुम्ही दमलाय. यंत्रात बिघाड आहे तर यंत्र दुरुस्त करा. नागलीचं काय घेऊन बसलात? उंदीर असतील."

"सर, उंदीर एवढं चौकोनी खात नाहीत."

"मग आमची आई असेल. तिला ही नोकरी पहिल्यापासूनच नकोय."

मी स्नेहलकडे पाहिलं. वाटलं, ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. तिनं हात जोडले. "काका, डबा राहू द्या ना. महिना भरला की मी स्वतः तुमच्या दुकानात आणून देते. दिंडोरीला नाही जायचंय मला."

डबा त्यांचा, घर त्यांचं, मुलगी त्यांची. मी एवढंच केलं. निघताना तिला बाजूला घेऊन म्हणालो, "त्या खोलीत जाऊ नको. आणि कुणी हाक मारली तर तुमची पद्धत सोडू नको."

"काका," ती हसून म्हणाली, "घाबरलात ना?"

मी हो म्हणालो. ती हसायची थांबली.

६

नंतर फोन आला तो सरांचा. आवाजात पेढे. स्नेहल कायम झाली होती. कंपनीचा साहेब म्हणे इतक्या वेगानं आणि इतकं बिनचूक टाइप करणारी मुलगी त्यानं पाहिली नव्हती. बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत हिचं काम तयार. "आणि तुमचा तो मेसेज, शेठ, तो तर केव्हाच बंद झाला. आता कसली तक्रार नाही. या तोंड गोड करायला."

मेसेज बंद झाला, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. एका जागेवरचे दोघे भांडत असतात तोवर मेसेज येतो. एकजण उठला की बंद होतो.

दुपारीच गेलो. ओट्यावर भागीबाई नव्हत्या. मी फाटकातून हाक मारली, "स्नेहल!"

"ओ, काका! आले!"

गाडीची चावी माझ्या हातात तशीच राहिली.

दार उघडून ती हसत उभी. तोच ड्रेस, तीच वेणी, कपाळावर तीच बारीक टिकली. मला आत नेलं, पेढा दिला. तोंडात ठेवला, पण चव लागेना. मोहिनीवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बसा भाऊ, चहा टाकते. आमची स्नेहल बघा किती गुणी झालीय. पूर्वी घसा फुटेस्तोवर हाका मारायला लागायच्या. हल्ली एका हाकेत हजर."

"आणि आजी?"

"गेल्या पाड्यावर. येत नाही म्हणतात. निघाल्या तेव्हा स्नेहलनं पाया पडायला वाकून हात लावला, तर पाय मागे घेतले हो! नातीसमोर! पोरीला किती वाईट वाटलं असेल."

पोरीकडे पाहिलं. वाईट वाटल्यासारखं काही दिसलं नाही. मांडीवर लॅपटॉप होता. ती माझ्याकडे बघत होती आणि बोटं आपली आपण चालली होती. कानाला हेडफोन नव्हता.

लाइट गेली. पंखा थांबला. टीव्हीजवळचा डबा विझला. स्वयंपाकघरात चहा उकळण्याचा आवाज तेवढा राहिला. तिची बोटंही थांबली.

वर टायपिंग चालू होतं.

फार हळू. एक बटण, मग बराच वेळानं दुसरं. दमलेल्या माणसासारखं, आपलं काम कुणी घेत नाही हे माहीत असूनही करत राहिल्यासारखं.

"वहिनी, वर कोण आहे?"

"वर? कुणी नाही हो."

मी उठून जिन्याच्या पायथ्याशी गेलो. "स्नेहल," मी वर बघून म्हणालो.

"ओ," मागून आवाज आला. लगेच.

"स्नेहल."

"ओ, काका. मी इथे आहे ना." ती हसत होती. सोफ्यावरून उठून माझ्या अगदी मागे येऊन उभी राहिली होती. तिच्या उठण्याचा आवाज झाला नव्हता. "पुरे ना आता," ती हळूच म्हणाली.

मी कठड्याला धरलं आणि तिसऱ्यांदा हाक मारली.

वरचं टायपिंग थांबलं. मग पलीकडच्या खोलीतून, खूप लांबून आल्यासारखी, ओढलेली, बसलेल्या घशातली ओ आली.

मोहिनीवहिनींच्या हातातलं भांडं पडलं. त्या दारात आल्या. काहीतरी अगदी ओठांवर असून आठवत नाही, तसा चेहरा झाला होता त्यांचा. जिन्याकडे बघत राहिल्या.

"शेजारचे असतील, आई," माझ्या मागची म्हणाली. "चहा उतू जातोय."

वहिनी वळल्या. सख्खी आई वळली, आणि चहा उतरवायला आत गेली.

मी वर चढलो. कसा, ते विचारू नका. वळणावर पोचलो तिथून त्या खोलीचं अर्धवट उघडं दार दिसतं. आत लुगड्यावरची नागली दिसली, आणि नागलीतल्या त्या मोकळ्या जागेत एक पाठ. वेणी सुटत आलेली. पुढे लॅपटॉप वगैरे काही नाही, दोन्ही हात मांडीवर, आणि बोटं मांडीवरच चाललेली. ती वळली नाही. मान जराशी वर केली, जसं पुढची हाक येते का ते ऐकायला कुणी करेल.

मला हाक मारायची होती. खरंच मारायची होती. मी मारली नाही.

लाइट आली. जिन्यातली ट्यूब फडफडली. खोलीत नागली, गोण्या, खाट. नागली अख्ख्या लुगड्यावर सारखी पसरलेली. कुठेही मोकळी जागा नाही.

खाली येऊन मी डब्याची वायर उपटली आणि डबा बगलेत मारला. ती दारापर्यंत पोचवायला आली.

"न्या काका," ती म्हणाली. "मला आता लागत नाही."

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. स्क्रीनच्या कोपऱ्यातले ते दोन्ही छोटे पडदे उजळलेले होते.

७

सरांना मी दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन गाठलं. स्टाफरूममध्ये त्यांनी मला बसायलासुद्धा सांगितलं नाही. "माझी मुलगी घरी आहे, शेठ. रोज माझ्यासमोर बसून जेवते. तुम्हाला काय म्हणायचंय नेमकं?" मी मागे फिरलो. भागीबाईंकडेही गेलो, सुरगाण्याची जीप पकडून. त्या शेतात होत्या. बांधावरून मी त्यांना तीन हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिलं, मला ओळखलं, पण ओ दिली नाही. पुढे भोये मंडळी मुलीच्या नोकरीपायी पुण्याला गेली. जाताना सामान काय काय नेलं ते मला ठाऊक नाही. घर विकलं नाही, कुलूप आहे.

मी त्या बाजूला गेलो की फाटकाशी गाडी उभी करतो आणि नाव घेऊन हाक मारतो. तीनदा. कुत्री भुंकतात, रांगेतली माणसं बघतात. अजून ओ आलेली नाही. एकदा मात्र वरच्या खिडकीची काच आतून कुणीतरी पुसल्यासारखी झाली होती, हाताच्या पंजाएवढी. ऊन तिरपं होतं. मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तुम्ही नोकरी करत असाल, दुकान चालवत असाल, मला माहीत नाही. पण रात्री दार लावताना घरातली माणसं मनातल्या मनात मोजत असाल, सगळेच मोजतात. आमच्या धंद्यात गोदामाचा हिशेब चुकतो तो नग कमी भरल्यावर नाही, ते लगेच कळतं. नग बरोबर भरतात आणि माल बदललेला असतो, तेव्हा वर्षानुवर्षं कळत नाही. भोये सरांच्या घरी जेवायला ताटं पूर्वी होती तेवढीच मांडायचे, एक आजींचं सोडलं तर. बेरीज चोख होती. म्हणून हात जोडून मागतो, आपल्या घरचा हिशेब नुसता आकड्यावर ठेवू नका. एकेकाच्या तोंडाकडे बघा, तो कसा होता आणि कसा आहे ते बघा, आणि जुळत नसेल तर जुळलं असं लिहू नका.